हवा गेली, ब्रेक आला

माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा निपाणीला होता आणि आम्ही बेचाळीस जण सांबऱ्याहून भाड्याच्या बसने निघालो होतो. चारेक वर्षं झाली त्याला. मी बेळगावात एका हायस्कूलला विज्ञान शिकवते, राहते खासबागला. पण माहेर सांबऱ्याचं, शेतीवाल्यांचं. बस थोरल्या काकांनी ठरवली होती. वडील गेल्यापासून घरातला प्रत्येक निर्णय काका घेतात, आणि तो कसा बरोबर होता हे पुढचे आठ दिवस सगळ्यांना पटवून देतात.

ही बस त्यांनी ठरवली ती तिच्या पुढच्या काचेवर देवाचं मोठं चित्र होतं म्हणून. त्याखाली सकाळी आम्ही झेंडूची लांबलचक माळ बांधली. ड्रायव्हर गोकाककडचा, पन्नाशीचा, काटकुळा माणूस. मराठी चांगलं बोलायचा, पण मोजून बोलायचा.

काकती ओलांडली आणि बसमध्ये कुठंतरी बारीक, सलग आवाज सुरू झाला. आत्याला वाटलं कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. तिनं सगळ्यांना फोन बघायला लावले. बेचाळीस माणसांनी पिशव्या, पर्स, खिसे उपसले. आवाज थांबेना. ड्रायव्हरनं बस कडेला घेतली, जागच्या जागी इंजिन घों घों केलं, समोरचा एक काटा हळूहळू वर चढला आणि आवाज बंद झाला. काही न बोलता त्यानं बस पुन्हा रस्त्याला लावली. हत्तरगीच्या पुढं परत तेच झालं. काका पुढं जाऊन त्याच्याशेजारी बसले आणि त्या काट्याकडं दुधावर लक्ष ठेवावं तसं बघत राहिले.

संकेश्वर जवळ आलं तेव्हा काटा खाली आला तो वर जाईना. गॅरेज बघू म्हणून ड्रायव्हरनं बस हायवेवरून बाजूच्या रस्त्याला उतरवली. शंभरेक पावलं गेलो असू. पोटाखालून कुकरची वाफ सुटावी तसा लांब फुस्स आवाज आला, बस एकदा थरारली आणि खिळल्यासारखी उभी राहिली.

काका खाली उतरले. त्यांच्यामागं आम्ही सगळे.

"काय झालं?"

"हवा गेली, अण्णा."

"म्हंजे ब्रेक गेला."

"न्हाय. हवा गेली. ब्रेक आला."

काकांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. ब्रेक जातो, हे त्यांना माहीत होतं. ब्रेक येतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ड्रायव्हर आपली चेष्टा करतोय अशी त्यांची समजूत झाली आणि न्यायनिवाड्यासाठी त्यांनी मला पुढं ओढलं. "तू सांग गं. सायन्स शिकवतीस न्हवं?"

मी हवेचा दाब हा धडा चौदा वर्षं शिकवलाय, पण पैठणी नेसून रस्त्यात पहिल्यांदाच शिकवला. असल्या मोठ्या गाडीत मागच्या चाकांपाशी दांडगी स्प्रिंग असते, तिचा स्वभावच चाक धरून ठेवायचा. टाकीतली हवा तिला मागं रेटून धरते म्हणून चाक फिरतं. हवा संपली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाक आवळते. म्हणजे हवा गेली तर गाडी पळत सुटत नाही, उभी राहते. सगळे आठवीच्या वर्गासारखे गप्प उभे होते. काकांनी विचार केला.

"म्हंजे ब्रेक एकदम नीट हाय."

"एकदम."

"मग जाऊया की."

ड्रायव्हरनं सांगितलं की आता बस ढकलली तरी हलणार नाही. त्यावर सोळा पुरुषांनी बस ढकलायला घेतली. ड्रायव्हर मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला. ढकलून बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही हे त्याला अनुभवानं माहीत असावं. भगवे फेटे आणि पांढरे लेंगे बसला रेलले, चपला मुरमात घसरल्या, एक फेटा सुटला. बस तसूभर हलली नाही. नवरदेव म्हणून भावाला हात लावायला मनाई होती. तो सगळ्यांचे मोबाइल धरून उभा होता. तेवढ्यात त्यानं निपाणीला होणाऱ्या बायकोला फोन लावला आणि "संकेश्वरजवळ आहे, ब्रेक फेल झालाय" एवढं सांगितलं. फेल झालेला नाही, लागलाय, असं मी म्हणेपर्यंत त्याची बॅटरी संपली. त्यानं सगळे फोन ड्रायव्हरच्या केबिनमध्ये नेऊन ठेवले आणि स्वतःचा चार्जिंगला लावला.

मग आम्ही बस कुठं थांबली आहे ते बघितलं. एका घराचं लोखंडी गेट होतं आणि आमच्या बसनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलं होतं. गेटवर तांबड्या रंगानं आधी कानडीत आणि खाली मराठीत लिहिलं होतं: गेटसमोर गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल.

भावानं ते मोठ्यानं वाचलं. ड्रायव्हर कठड्यावरून उठून आला, त्यानं कानडीतलं वाचलं, मग बसच्या चाकांकडं बघितलं आणि परत पाटीकडं.

तेवढ्यात गेट आतल्या बाजूला उघडलं. चाळिशीचा एक माणूस बाहेर आला. डोक्याचा गुळगुळीत गोटा, डोळे सुजलेले. काका हात जोडूनच पुढं झाले, आमचा इलाज नाही असं काहीतरी ते सांगायला लागले, तर त्या माणसानं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले.

"बेळगावची गाडी न्हवं? मला वाटलं, आता कुणीच येत न्हाई. या. आत या."

बस आणि गेट यांच्यात हातभर फट होती. त्या फटीतून एकेक करून आम्ही बेचाळीस माणसं आत गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. फेब्रुवारीचं ऊन होतं, आत मांडवाची सावली दिसत होती, आणि कुणी एवढ्या मनापासून या म्हटल्यावर आमच्याकडं नको म्हणायची पद्धत नाही. आत गेल्यावर कळलं. मांडवात टेबलावर हार घातलेला फोटो होता, समोर समई. त्या घरातल्या म्हाताऱ्यांचा तेरावा होता.

फोटोतला गृहस्थ चष्मा लावून कॅमेऱ्याकडं असा बघत होता, की फोटोग्राफरनंच गेटसमोर गाडी लावली असावी. मांडवात दीडशे माणसं बसतील एवढ्या सतरंज्या होत्या आणि माणसं होती दहा-बारा.

आत्याला हार घातलेला फोटो दिसला की रडू येतं, मग तो कुणाचाही असो. ती थेट जाऊन फोटोपुढं बसली आणि डोळ्याला पदर लावला. तिच्यामागं आमच्या बाकीच्या बायका, गजरे माळलेल्या, जरीच्या साड्यांतल्या, ओळीनं बसल्या. मांडव भरल्यासारखा दिसायला लागला.

गोटा केलेला तो माणूस म्हाताऱ्यांचा मुलगा होता; त्याच्या बोलण्यावरून हळूहळू उलगडा झाला. म्हातारे बेळगावात एका सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरीला होते. मुलानं कचेरीत निरोप धाडला होता, जुन्या लोकांनी तेराव्याला यावं म्हणून. सकाळपासून तो वाट बघत होता. आणि मग बेळगावचा नंबर असलेली, झेंडूची माळ घातलेली बस थेट दारात येऊन उभी राहिली.

त्यानं काकांना खुर्ची दिली आणि विचारलं, की तुम्ही वडिलांबरोबर किती वर्षं होता. आता खरं सांगतील म्हणून मी काकांकडं बघितलं. काकांनी फोटोकडं बघितलं, त्या मुलाकडं बघितलं, घसा साफ केला आणि सांगितलं की आपण बरोबर कामाला नव्हतो, पण एकदा एका दाखल्यासाठी तीन दिवस हेलपाटे घालत होतो, तेव्हा याच माणसानं आपल्याला बसायला स्टूल दिलं, चहा पाजला आणि जेवायची सुट्टी मोडून दाखला हातात ठेवला. स्टूल कसलं होतं, पाऊस कसा होता, सगळं सांगितलं. मुलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग काकांच्याही.

मी काकांजवळ जाऊन हळूच म्हटलं, की हे बरं नाही. ते म्हणाले, त्याचं तोंड बघ आणि मग मला सांग. मी बघितलं, आणि मलाही सांगवेना.

एवढ्यात गेटापाशी ड्रायव्हर मला खुणावू लागला. तो आत यायला तयार नव्हता. म्हातारे गेल्याचं त्याला कळलं होतं आणि पाटी त्यानं वाचली होती. या दोन गोष्टींचा त्यानं जो काय संबंध जोडला होता, तो त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. संकेश्वरातल्या एका मेकॅनिकला त्यानं फोन केला होता, पण हवा नेमकी कुठून जाते ते आधी शोधायला हवं होतं, म्हणजे तो तेवढाच पाइप घेऊन येईल. त्यासाठी साबणाचा फेस पाहिजे होता. पाइपांवर फेस लावायचा, जिथं फुगा येईल तिथं गळती.

साबण मागायला मी स्वयंपाकघरात गेले. तिथं म्हाताऱ्यांची बायको एकटीच पाटावर बसली होती. सत्तरीची, बारीक चणीची बाई. माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं खरं सांगून टाकलं: आम्ही कचेरीतले नाही, साखरपुड्याला निघालोय, बसची हवा गेली म्हणून थांबलोय, काका बोलले ते सगळं बनवून बोलले.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठी बेळगावास्नं बस भरून माणसं? चार बी आली नसती. आणि चहा? त्यांनी जन्मात कुणाला चहा पाजला न्हाई."

त्यांनीच मग सांगितलं. रिटायर झाल्यापासून म्हाताऱ्यांचं एकच काम होतं, गेट राखायचं. कुणी गाडी लावली की काडीपेटीतली काडी घेऊन जायचे आणि चाकातली हवा सोडायचे. पाहुण्यांची गाडी असो, डॉक्टरांची असो. सख्ख्या जावयाच्या गाडीची दोनदा सोडली. असं करत करत माणसं यायची बंद झाली. "आणि आज तेराव्याला गाडी आली ती हवा जाऊनच आली," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले, मलाही आवरेना, आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून हसलो. दारातून कुणीतरी डोकावलं आणि रडतायत समजून मागं फिरलं.

मग त्या उठल्या आणि न्हाणीघराच्या कोनाड्यातून म्हाताऱ्यांचं दाढीचं सामान काढून दिलं. वाटी, गोल साबण आणि ब्रश. आता ते कुणाला तरी द्यायचंच होतं. शंभर माणसांचा स्वयंपाक केलाय पोरानं, सगळे जेवून जा, एवढंच त्यांनी बजावलं.

वस्तू कुणाच्या आहेत ते मी ड्रायव्हरला सांगितलं नाही. त्यानं चाकांना दगड लावले, इंजिन सुरू ठेवलं आणि वाटी-ब्रश घेऊन बसखाली शिरला. मी पैठणीचा पदर खोचून बाहेर उकिडवी बसले आणि आत बॅटरीचा उजेड धरला. ब्रशानं फेस मात्र नामी झाला. आडव्या पडलेल्या ड्रायव्हरनं एकेका पाइपाला तो निगुतीनं लावला, गालाला लावावा तसा. मागच्या डाव्या चाकाकडं जाणाऱ्या रबरी पाइपावर फेस लागला आणि तिथं लिंबाएवढा फुगा उठला, फुटला, परत उठला. ड्रायव्हरचं समाधान झालं. त्यानं लगेच मेकॅनिकला पाइपाचं माप सांगितलं.

मी आत आले तर पंगत बसली होती. जेवायचं की नाही यावरून आत्या आणि काका यांच्यात आधी कुजबुज झाली होती म्हणे. साखरपुड्याला जाताना तेराव्याचं जेवण, हे काकांना अशुभ वाटत होतं. तेराव्याला गोड करतात ते सुतक संपलं म्हणूनच, तेव्हा ते शुभ, असा निकाल आत्यानं दिला आणि पहिली बसली. गव्हाची खीर होती, आमच्याकडं तिला हुग्गी म्हणतात, वर तुपाची धार. भावाला नवरदेव म्हणून नव्हे, तर कचेरीतला तरुण साहेब समजून मुलगा आग्रह करकरून वाढत होता. साडेबारा वाजून गेले होते. सगळे खाली मान घालून जेवत होते. फोन बसमध्ये होते.

निपाणीला त्या वेळी काय चाललं होतं ते आम्हाला मागाहून कळलं. "ब्रेक फेल झालाय" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मग काकांचा फोन लागला, पण कुणी उचलेना. आत्याचाही तसाच. मुलीकडची माणसं दोन जीपगाड्या घेऊन तवंदीच्या घाटातून, प्रत्येक वळणावर दरीत बघत बघत, संकेश्वरला आली. तिथं त्यांना आमची बस दिसली. धड, उभी, आणि आत कुणीच नाही. उघड्या गेटातून त्यांनी आत बघितलं. मांडव, हार घातलेला फोटो, समई, गोटा केलेला माणूस, आणि आम्ही सगळे खाली माना घालून.

मुलीच्या आईनं गेटापासूनच हंबरडा फोडला. वडिलांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि माझ्या काकांपुढं येऊन उभे राहिले.

"कोण गेलं?"

काकांच्या तोंडात हुग्गीचा घास होता. म्हाताऱ्यांचा मुलगा मध्ये आला आणि म्हणाला, "माझे वडील."

"तुम्ही कोण?"

"मी त्यांचा मुलगा. तुम्ही पण कचेरीतले काय?"

तोवर मुलीच्या आईला भाऊ दिसला. तो जिवंत आहे हे बघून ती त्याच्या गळ्यात पडली आणि अजूनच मोठ्यानं रडायला लागली, जावईबापू, जावईबापू म्हणत. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मीच उभी राहून सांगितलं, पहिल्यापासून.

मुलगा हातात खिरीची बादली घेऊन उभा होता. त्यानं काकांना विचारलं, "मग तो दाखला?"

काकांनी घास गिळला. "दाखल्याचं खरं हाय," ते म्हणाले. "स्टूल बी खरं हाय. माणूस तेवढा दुसरा हुता."

मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला हाकलून देणार, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "उठवू नगोस रं कुणाला. पानावर बसल्यात." मुलानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, खाली वाकला आणि काकांच्या पानात आणखी एक डाव खीर वाढली. मग मुलीच्या वडिलांना म्हणाला, तुम्ही पण बसा, उभ्यानं जाऊ नका. ते फेटा मांडीवर घेऊन बसले.

मेकॅनिक पाइप गळ्यात अडकवून मोटारसायकलवर आला आणि अर्ध्या तासात काम झालं. काटा वर चढायला लागला तेव्हा काकांनी खिडकीतून तो आकडा आम्हाला ओरडून सांगायला सुरुवात केली, निवडणुकीचा निकाल सांगतात तसा. हवा पुरेशी भरल्यावर ड्रायव्हरनं घाईनं बस हलवली नाही. दोनदा ब्रेक दाबून बघितला, सोडून बघितला, मग चप्पल काढून अनवाणी आत गेला, फोटोला नमस्कार केला, आणि बाहेर येऊन म्हणाला, आता चला. घासूनपुसून ठेवलेली दाढीची वाटी त्यानं आजींच्या हातात दिली, तर त्यांनी ती त्यालाच देऊन टाकली. त्याला ती नको होती हे स्पष्ट दिसत होतं, पण नको म्हणायची त्याची छाती झाली नाही.

निपाणीला साखरपुडा साडेचारला झाला. अंगठ्या घातल्या, पेढे वाटले, मुलीच्या आईनं भावाचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. आमच्यासाठी तिथं पुरणपोळीचा बेत होता, आणि आम्हा बेचाळीस जणांच्या पोटात हुग्गीवर हुग्गी होती. त्यांच्याकडचेही निम्मे जेवूनच परतले होते. आचारी पोळ्यांचे ढीग पुढं ठेवून आमच्याकडं बघत बसला होता, कुणी दोन घासांच्या वर जाईना.

ड्रायव्हर तेवढा सकाळपासून उपाशी होता; संकेश्वरला तो बसखालीच होता. आत्यानं त्याला हात धरून पाटावर बसवलं. तो अकरा पोळ्या जेवला, दुधात बुडवून, सावकाश, आणि आचारी प्रत्येक पोळी स्वतः येऊन वाढत होता.